अर्थ सहावा

पुस्तकांच्या दुकानात आरडाओरडा करायचा नसतो, हे कोशबाईंना कुणी सांगायला नको होतं. उभा जन्म पुस्तकांत गेलेला. तरी त्या दिवशी भर दुकानात त्यांनी "सापडला! सापडला मेला!" अशी आरोळी ठोकली, की शिडीवर चढलेला दुकानदार शिडीसकट डुगडुगला.

"काय सापडला? उंदीर?" त्यानं वरूनच घाबरून विचारलं.

"चोर!" बाई म्हणाल्या आणि हातातलं जाडजूड पुस्तक त्यांनी छातीशी गच्च आवळून धरलं.

त्यांना कोशबाई म्हणत, कारण त्यांनी कोश केला होता आणि आयुष्यात दुसरं काहीच केलं नव्हतं. इंग्रजी जोडक्रियापदांचा कोश. साधंसुधं, गरीब क्रियापद घ्यावं, त्याला 'अप', 'ऑफ', 'आउट' असलं एखादं शेपूट लावावं, की ते बेटं ओळखच द्यायचं बंद करतं. शिकणाऱ्याच्या नाकी नऊ येतात. ह्या शेपटांच्या मागे कोशबाई तेवीस वर्षं धावत होत्या. कोण म्हणालं, कुठे म्हणालं, त्याच्याही आधी कोण म्हणालं होतं, सगळं एकेका चिठ्ठीवर लिहायचं आणि खणात टाकायचं. चौदा वर्षांपूर्वी त्यातून पहिली आवृत्ती निघाली. त्यानंतर खण पुन्हा भरले, पण दुसरी आवृत्ती काही निघेना.

दुकानात आलेला नवा कोश एका मोठ्या प्रकाशनाचा होता. बाईंनी सवयीनं 'लुक अप' काढलं. पहिला अर्थ, मान वर करून बघणं. हा सगळ्यात जुना, बाकीच्यांचा बाप. दुसरा, पुस्तकात शोधून काढणं, म्हणजे बाई दिवसभर करत तेच. तिसरा, बऱ्याच दिवसांनी कुणाकडे डोकावणं. चौथा, दिवस पालटणं. बाजारातले भाव 'वर बघायला लागले' असं व्यापारी म्हणत, ते पुढे सगळ्यांच्याच बऱ्या दिवसांना लागू झालं. पाचवा, कुणाला मोठं मानणं. त्याला मागे 'टू' हे आणखी एक शेपूट जोडावं लागतं. इथवर सगळं ठीक. हे कुठल्याही कोशात असतं, त्यात चोरी कसली? पण त्याच्याखाली सहावा होता.

बारीक काम करणाऱ्यांनी, ठरावीक वेळाने एकाने हाक दिली की सगळ्यांनी एकदम हातातलं काम ठेवून मान वर करणं आणि मिनिटभर लांब बघणं.

वाचता वाचता बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. कारण हा अर्थ जगात नव्हताच. तो त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता.

आता तुम्ही म्हणाल, कोशात थाप? हो, थाप. पण धंद्याची थाप. बाई ज्यांच्या हाताखाली शिकल्या त्या थोरल्या संपादकांचा नियमच होता, की प्रत्येक कोशात एक तरी खोटं पेरायचं. "खरं सगळ्यांचंच असतं," ते म्हणायचे, "ते कुणी कुणाचं उचललं हे कसं दाखवणार? खोटं मात्र ज्याचं त्याचं असतं. ते दुसऱ्याच्या घरात सापडलं की समजायचं, आपल्याकडूनच गेलं." कुठलं खोटं पेरलं हे लिहून, तारीख घालून, लाखबंद पाकिटात घालायचं आणि ते पाकीट प्रकाशक संघाच्या कपाटात ठेवायचं. वेळ आली तरच फोडायचं. पहिल्या आवृत्तीच्या वेळी हे काम त्यांनी बाईंवर सोपवलं. "आणि लिहायचं तर असं लिही, की वाचणाऱ्याला वाटावं, हे खरंच असतं तर काय बहार झाली असती!"

बाईंची तेव्हा मान आखडलेली, डोळ्यांची आग आग होत असलेली. छपाई तोंडावर, आणि महिनाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुद्रितं तपासायची. कुणीतरी येऊन 'पुरे गं, जरा वर बघ' म्हणावं असं त्यांना फार वाटायचं. कुणी म्हणेना. मग एका मंगळवारी, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, त्यांनी ते लिहूनच टाकलं. संपादक तेव्हा हसले होते, पण पाकिटाला लाख लावायला त्यांनी एक दिवस उशीर केला नव्हता. आता ते नव्हते, आणि ते पाकीट चौदा वर्षं कपाटात धूळ खात पडलं होतं.

कोश विकत घेऊन बाई निघाल्या त्या जवळजवळ पळतच. वाटेत दोनदा थांबून त्यांनी पिशवीत हात घालून बघितलं, आहे ना म्हणून.

घरी थोरली बहीण अक्का शिवणयंत्रावर बसली होती. दोघी बहिणी एकत्र राहत. अक्का लोकांचे कपडे शिवायची आणि कोशबाईंच्या चिठ्ठ्यांना 'तुझं रद्दीचं दुकान' म्हणायची. पण सहावा अर्थ वाचून दाखवल्यावर तिनंही यंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"म्हणजे तुझी थाप त्यांनी जशीच्या तशी गिळली?"

"शब्द फिरवलेत. पण अर्थ तोच गं, अक्का! तोच!"

"मग आता काय, वाजव ढोल!" अक्का म्हणाली, आणि बावन्न आणि एकोणपन्नास वर्षांच्या त्या दोन बाया कापडांच्या तुकड्यांतून चक्क फुगडी घालायला लागल्या. खालच्या मजल्यावरच्यांनी काठीनं छत ठोकलं तेव्हा थांबल्या.

एवढा आनंद होण्याचं कारण नुसतं चोर सापडला हे नव्हतं. मालकांनी, म्हणजे छापखान्याच्या मालकांनी, बाईंना महिनाअखेरची मुदत दिली होती. कोशाची खोली त्यांच्याच इमारतीत होती. दुसऱ्या आवृत्तीत पैसा घालायला कुणी तयार नव्हतं, आणि मालकांना ती खोली कागदाच्या रिमांसाठी हवी होती. "बाई, मी वाईट माणूस नाही," ते म्हणाले होते, "पण एक्केचाळीस खण चिठ्ठ्या! एकतर छापा, नाहीतर रद्दीत घाला. मी तरी किती दिवस सांभाळू?" आता संघानं चोरी झाली असं ठरवलं, की मोठ्या प्रकाशनाला भरपाई द्यावी लागणार आणि त्यातून दुसरी आवृत्ती थाटात निघणार. नाहीतर चौदा वर्षांची मेहनत हातगाडीवर.

मालकांनी सगळं ऐकलं आणि टेबलावर अशी थाप मारली की शाईची बाटली उडाली. "रंगेहाथ! बाई, तुम्ही तर कमालच केलीत. पेरून ठेवलंत, आणि चौदा वर्षं चकार शब्द नाही काढलात?"

"नियमच होता तसा."

तक्रार गेली, एवढंच लिहून, की सहावा अर्थ आमच्या कोशातला आहे आणि पुरावा संघाच्या कपाटातल्या पाकिटात आहे. दहा दिवसांनी सुनावणी ठरली; तिथे संघाच्या अध्यक्षीणबाईंसमोर पाकीट फुटणार. ते दहा दिवस बाई जमिनीवर नव्हत्याच. खणांवर नवी लेबलं चिकटवली. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद सात वेळा लिहिला. आणि पाचव्या दिवशी त्या नव्या कोशाच्या संपादकाचं उत्तर आलं.

पत्र छोटं होतं. सहावा अर्थ आम्ही कुणाच्याही कोशातून घेतलेला नाही. तो अमुक रस्त्यावरच्या श्रवणयंत्रांच्या कारखान्यात दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या कानांनी ऐकला. सोबत त्या दिवशीच्या चिठ्ठीची नक्कल, तिथल्या सुपरवायझरबाईंच्या सहीसकट.

"चोराच्या उलट्या बोंबा!" मालक ओरडले. "म्हणे कानांनी ऐकला! नसलेलं ऐकलं?"

बाईंनी कागद उजेडात धरला. त्या चिठ्ठीची नक्कल पुन्हा पुन्हा बघत होत्या. अशा चिठ्ठ्या त्यांनी हजारोंनी लिहिल्या होत्या. घाईघाईत, उभ्यानं, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलेलं अक्षर त्यांना लांबून ओळखू येत असे. हे तसलं होतं.

मालक व्यवहारी माणूस. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, एक सांगतो. तिकडे जायचं नाही. तिथे काही नसेल तर आपण जिंकलोच आहोत. आणि असलं काही, तर न बघितलेलं तुम्हाला सांगावं लागणार नाही. कळलं?"

"कळलं."

"शब्द द्या."

"दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता बाई बसमध्ये होत्या. आता ह्याला काय म्हणावं? 'अमक्या ठिकाणी अमका शब्द जिवंत आहे' असं कोशवाल्याला सांगायचं आणि घरी बस म्हणायचं, म्हणजे मांजरापुढे दुधाची वाटी ठेवून त्याला शहाणपण शिकवायचं. दुसरा कुणीही शहाणा माणूस त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून झोपून राहिला असता. बाईंनी मात्र पर्समध्ये कोऱ्या चिठ्ठ्यांची एक थप्पीही घेतली होती, म्हणजे बघा.

कारखाना दुसऱ्या मजल्यावर होता. लांबलचक खोली, एका अंगाला सगळ्या खिडक्या. दोन्ही बाजूंना टेबलं, प्रत्येक टेबलावर पांढरा दिवा आणि दांडीवरचं भिंग, आणि भिंगाखाली चिमटा धरलेली बोटं. चाळीसेक माणसं, त्यात बायका जास्त. नखाएवढ्या यंत्रात केसाएवढी तार डाख देऊन जोडायची. खोलीत कुणी बोलत नव्हतं. सुपरवायझरबाई, गोल चेहऱ्याच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, दारातच भेटल्या.

"कोण पाहिजे?"

"मी... मला जरा बघायचंय. काम कसं चालतं ते." बाईंना एवढंच सुचलं.

"बघा की. हात लावू नका म्हणजे झालं. आणि शिंकायचं असेल तर बाहेर."

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. घड्याळात दहाला सात मिनिटं कमी. काळीज असं धडधडत होतं की पुढच्या टेबलावरच्या यंत्राला ऐकू जाईल असं त्यांना वाटलं. नसेल, काही नसेल, त्या मनात म्हणत होत्या. आणि त्याच मनातलं दुसरं कुणीतरी म्हणत होतं, असू दे, असू दे.

काटा बारावर गेला. सुपरवायझरबाईंनी टाळीसुद्धा वाजवली नाही. नुसत्या म्हणाल्या, नेहमीच्या, भाजी संपली असं सांगावं तसल्या आवाजात, "लुक अप!"

चाळीस चिमटे खाली. चाळीस माना वर. सगळे खिडक्यांकडे वळले. बाहेर लांबवर पाण्याची उंच टाकी होती, तिच्यामागे टेकडी, टेकडीवर आडवी धावणारी ढगांची सावली. कुणी मान वाकवली, कुणी खांदे फिरवले, कुणी जांभई दिली. एक म्हातारा डोळ्यांवर तळवे ठेवून बसला. एकजण शेजारणीला हळूच म्हणाली, "आज लुक अपला ऊन छान आहे गं."

बाईंना काय झालं ते त्यांनाच कळेना. रडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मोठ्यानं हसावंसंही वाटलं. आपण एका मंगळवारी दुखऱ्या मानेनं लिहिलेली थाप, आणि ती इथे, चाळीस माणसांच्या मानांत, चालतीबोलती! 'लुक अपला ऊन' म्हणे! नाम झालं होतं त्याचं! तेवीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांचे शब्द टिपले. आपला शब्द परक्याच्या तोंडून ऐकायचं सुख काय असतं ते आज कळलं. त्यांनी चिठ्ठी काढली आणि भिंतीवरच धरून लिहायला लागल्या.

मिनिट संपलं, माना खाली गेल्या. सुपरवायझरबाई जवळ आल्या.

"तुम्ही पण लिहिताय? दोन वर्षांपूर्वी एक मफलरवाले गृहस्थ आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं म्हणे. त्यांनीही असंच, भिंतीवर."

म्हणजे तो चोर नव्हता. तरी बाईंच्यानं राहवेना. "हे तुमच्याकडे आलं कुठून?"

"अहो, ती मोठी मजा आहे!" सुपरवायझरबाईंनी त्यांना दारामागे नेलं. तिथे काचेखाली एक पान चिकटवलं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. बाईंच्याच कोशाचं पान. सहाव्या अर्थाखाली लाल रेघ. "माझ्या लेकीची परीक्षा होती. जुन्या बाजारातनं तिला हा कोश आणून दिलेला. एक दिवस म्हणते, आई, तुमच्यात करतात का गं हे? मी म्हटलं, काय? तिनं वाचून दाखवलं. मी तर उडालेच! म्हटलं, जगात सगळीकडे बारीक काम करणाऱ्यांना हे मिळतंय, नावसुद्धा आहे त्याला, आणि आम्हीच मेलो का? आम्ही सगळ्याजणी पुस्तक घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, बघू. उघडून बघतात तर छापलेलं! छापलंय म्हणजे असणारच की हो. म्हणाले, असं असेल तर आपल्याकडे पण पाहिजे. अकरा वर्षं झाली त्याला."

"अकरा वर्षं..."

"त्याआधी काय हाल होते! दुपारी चारनंतर निम्म्या जणींचं डोकं ठणकायचं, गोळ्यांचा डबा आठवड्यात संपायचा. डोळ्यांचं काय ते डॉक्टर जाणोत, पण आता तो डबा महिना महिना उघडत नाही. तो म्हातारा बघितलात? तो सोडून निघाला होता. राहिला."

"मग आता सगळं छानच आहे."

"कुठलं हो! साहेब नवे आलेत. हे मिनिटं मोजतात. दोनदा विचारून झालं, कुठल्या नियमानं थांबता? मी त्यांना ह्या काचेसमोर उभं केलं. वाचलं आणि गप्प गेले. पुस्तकाशी कोण भांडणार?" त्या हसल्या, आणि मग बाईंच्या हातातल्या चिठ्ठीवरचा कोशाचा छापील मथळा त्यांना दिसला. "अगं बाई! तुमचाच का हा कोश? अहो, तुम्ही कुठून शोधून काढलंत हो हे?"

बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये सरकवली. "सापडलं... कुठेतरी."

"फार उपकार झाले तुमचे," सुपरवायझरबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले.

परतीच्या बसमध्ये बाईंना आपला थांबा कळला नाही. सुनावणीत पाकीट फुटलं, की संघाच्या पत्रकात येणार: अमुक कोशातला अमुक अर्थ खोटा, रचलेला. ते पत्रक कोश विकत घेणाऱ्या सगळ्यांकडे जातं. मिनिटं मोजणाऱ्या साहेबापर्यंत पोचायला किती दिवस लागणार? आणि पाकीट फुटलं नाही, तर एक्केचाळीस खण हातगाडीवर.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग दातांनी दोरा तोडून म्हणाली, "तू शब्द देऊन मोडलास, गेलीस, बघितलंस. आता मला काय विचारतेस? तुझा चेहरा बघ आरशात. लॉटरी लागल्यासारखी दिसतेयस."

आणि खरंच तशाच दिसत होत्या.

सुनावणीच्या दिवशी संघाच्या खोलीत चारच माणसं होती. अध्यक्षीणबाई मध्ये, त्यांच्यासमोर ते पाकीट. मालक नवा कोट घालून. आणि मफलरवाले संपादक, बाईंच्याच वयाचे, बोटांना शाई, खिशातून चिठ्ठ्यांची टोकं बाहेर आलेली. चोर म्हणून ज्याला इतके दिवस मनात शिव्या घातल्या तो माणूस असा, हुबेहूब आपल्यासारखा निघावा, ह्याची बाईंना लाज वाटली.

मफलरवाले स्वतःच्या बचावाचं फारसं बोललेच नाहीत. चिठ्ठी पुढे ठेवली आणि भलत्याच उत्साहानं सांगायला लागले. "पण बाईसाहेब, खरी गंमत पुढेच आहे! हा अर्थ आला कुठून? मी दोन वर्षं शोधतोय. घड्याळजींना पत्रं लिहिली, भिंगं घासणाऱ्यांना लिहिली, भरतकामाच्या शाळांना लिहिली. कुणाकडेच नाही. फक्त त्या कारखान्यात, आणि ह्यांच्या कोशात. ह्यांनी तो माझ्या आधी बारा वर्षं पकडलाय! कुठून पकडला असेल? रात्रंदिवस तोच विचार. तक्रार आली तेव्हा खरं सांगतो, मला रागही आला नाही. म्हटलं, चला, निदान विचारता तरी येईल."

"ते पाकिटात असेल," अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी लाखेखाली पातं सरकवलं.

"थांबा!" बाई उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडली. "फोडू नका. आम्ही तक्रार मागे घेतो."

"काय?" मालकांचा आवाज चिरकला. त्यांनी बाईंचा पदर धरायचा तेवढा बाकी ठेवला. "बाई, वेड लागलंय का? फोडा म्हणतो ना ते! अहो, आपला हुकमाचा पत्ता आहे तो!"

"मी कारखान्यात गेले होते."

मालक मटकन खाली बसले. "शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता. मी माझ्या कानांनी ऐकलं. चाळीस माणसं रोज म्हणतात. ह्यांनी चोरी केलेली नाही." मग बाई मफलरवाल्यांकडे वळल्या. "मी तुम्हाला चोर म्हटलं. माझं चुकलं."

"छे छे, त्यात काय," मफलरवाले गोंधळून म्हणाले.

अध्यक्षीणबाईंनी पातं खाली ठेवलं आणि पाकीट बाईंकडे सरकवलं. लाख शाबूत होती. बाईंनी ते दुमडून पर्समध्ये घातलं आणि पर्सची कडी दोनदा ओढून बघितली.

मालक अजून तोंडातल्या तोंडात बोलत होते. सगळं उघड करावं असं त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आलं, आणि गेलंही. भरपाई तर गेलीच; वर आपल्याच कोशात खोटं आहे असं गावभर सांगून पहिल्या आवृत्तीच्या उरलेल्या प्रती विकायच्या कशा? ते उठले, कोटाची बटणं लावली. "सोमवारी हातगाडी येईल," ते म्हणाले. "दुसरी आवृत्ती आता विसरा, बाई. मी माझ्याकडून सगळं केलं."

"हो. तुम्ही केलंत," बाई म्हणाल्या. एक्केचाळीस खण डोळ्यांपुढून गेले, नव्या लेबलांसकट.  तरी मान ताठ होती, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

जिन्यात मफलरवाल्यांनी त्यांना गाठलं. धापा टाकत होते. एका हातात कोरी चिठ्ठी, दुसऱ्यात पेन्सिल.

"बाई, एक मिनिट! तक्रार राहू दे बाजूला. मला फक्त सांगा, तुम्हाला मिळाला कुठे तो? पुढच्या आवृत्तीत तुमच्या नावानं छापतो. पहिला उल्लेख, पहिलं ठिकाण, सगळं. अहो, असा एखादा अर्थ जन्मला कुठे ते कुणाला कधी कळतं? तुम्हाला काहीतरी नक्की माहीत असणार!"

माहीत! अहो, वार माहीत होता. टेबल माहीत होतं. खिडकी कुठल्या बाजूला होती, मानेची कुठली शीर दुखत होती, तेसुद्धा माहीत होतं. हजारो शब्दांची मुळं खणत बाईंनी अर्धं आयुष्य घालवलं, आणि कुठल्याच शब्दाचं मूळ असं तारीखवार, हातावर घेऊन दाखवावं इतकं स्वच्छ त्यांना मिळालं नव्हतं. हे एकच मिळालं होतं. आणि समोर जगातला एकमेव माणूस उभा होता, ज्याला ते ऐकून त्यांच्याइतकाच आनंद झाला असता. सांगावं म्हणून त्यांचा जीव नुसता तुटत होता. पण हा माणूस ऐकेल ते छापेल. छापल्याशिवाय त्याच्यानं राहवणारच नाही. त्यांच्यानं तरी कुठे राहवलं असतं?

"नाही हो," बाई म्हणाल्या. "मी पण खूप शोधलं. लिहा, मूळ अज्ञात."

मफलरवाल्यांचा चेहरा पडला. कठड्यावर चिठ्ठी टेकवून त्यांनी ते दोन शब्द लिहिले, खाली तारीख घातली, आणि बाईंची समजूत घालावी तसे हळू आवाजात म्हणाले, "होतं असं कधी कधी. वाईट नका वाटून घेऊ."

"नाही वाटत," बाई म्हणाल्या, आणि जिना उतरायला लागल्या.